येळवस, पाहुणे आणि प्लायवूडची ट्रॉली

मी ज्या वस्तूची काळजी घेतो ती वस्तू फार दिवस टिकत नाही. हे मी दुःखानं सांगत नाही, आमच्या घरात सगळ्यांना ते माहीत आहे. नव्या मोबाईलला मी जाड कव्हर घातलं, मोबाईल आतल्या आत तापून गेला. तुळशीला सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, तुळस गेली. (शेजाऱ्यांच्या तुळशीकडं कुणी ढुंकून बघत नाही. ती आता कुंपणावरून आमच्या अंगणात डोकावते!) एवढं माहीत असूनही ट्रॉलीची काळजी घ्यायला मला कुणी अडवलं नाही, तेव्हा पुढं जे झालं त्यात सगळ्या घराचा थोडा थोडा वाटा आहे असं माझं प्रामाणिक मत आहे.

ट्रॉली आमच्या ट्रॅक्टरची. मी लातूरला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला. निलंग्याच्या पुढं गावाकडची शेती धाकटा भाऊ बालाजी बघतो. खताच्या गोण्या वाहून वाहून ट्रॉलीच्या तळाचा पत्रा असा गंजला होता, की सोयाबीन भरून निघालं की रस्ताभर पेरणी होत जायची. बालाजी म्हणाला, "दादा, नवा पत्रा मारून घेऊ."

"पत्रा परत गंजणार," मी म्हणालो. "आपण प्लायवूड टाकू. मी व्हिडिओ बघितलेत. परदेशात लोक प्लायवूडच्या ट्रॉलीत घोडे उभे करतात, घोडे!"

"आपल्याकडं घोडे न्हाईत, दादा."

"मग तर आणखी टिकंल!"

जुना पत्रा कापून काढला, आडव्या लोखंडी पट्ट्यांवर जाड प्लायवूड बसवलं आणि मी कामाला लागलो. वरून हिरवा ऑईलपेंट दिला. खालच्या बाजूनं, वहीला कव्हर घालावं तसं, जाड मेणकापड ताणून ठोकलं. पाणी निघून जावं म्हणून बालाजीनं कोपऱ्यांत भोकं पाडली होती, ती मी पुट्टी भरून बुजवून टाकली. ओल आत शिरायला वाटच ठेवायची नाही, हा माझा विचार! (शिरलेल्या ओलीला बाहेर पडायलाही वाट लागते, हा विचार व्हिडिओत नव्हता.) प्लायवूडच्या कापलेल्या कडा तेवढ्या कोऱ्या राहिल्या, कारण त्या बाजूच्या पत्र्याआड होत्या आणि दिसत नव्हत्या. शिवाय दर रविवारी गावी जाऊन मी ट्रॉली पाइप लावून स्वच्छ धुवायचो.

"ही ट्रॉली हाय का म्हैस?" बालाजी विचारायचा.

मी लक्ष द्यायचो नाही. हिरवीगार फळी चमकायची आणि मी गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, "लोखंड कुजंल, पर ही फळी कुजणार न्हाई."

आता मूळ गोष्ट. माझी मुलगी शिल्पा नांदेडला नोकरीला आहे. तिथं तिनं आणि एका मुलानं एकमेकांना पसंत केलं. मुलगा चांगला, घर चांगलं, आम्हाला काहीच हरकत नव्हती. फक्त मुलाच्या वडिलांनी, माणिकरावांनी, हो म्हणायचं बाकी होतं. माणिकराव लोह्याकडचे बागायतदार. त्यांची ख्याती अशी, की हा माणूस सोयरीक करताना घर बघत नाही, जमीन बघत नाही. वाढतात कसं ते बघतो. थोरल्या मुलासाठी एका ठिकाणी गेले असताना तिथल्या यजमानानं "आणखी वाढू का?" असं विचारलं, तर हे हात धुऊन उठले. म्हणे, "वाढू का म्हनून इचारायचं असतंय व्हय? वाढायचं असतंय!"

शिल्पानं मला फोनवर बजावलं, "पप्पा, तुम्ही काहीही करू नका. फक्त आग्रह करा. बाकी काहीच नको. प्लीज."

खाऊ घालायचं तर येळवशीसारखा दिवस नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावंच्या गावं ओस पडतात आणि सगळी माणसं शेतात. कडब्याची कोपी, म्हणजे खोपटं, उभारायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करायची, आणि मग डाळी-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, खीर. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवायचं आणि त्याला उठता येईनासं झालं की मगच सोडायचं. मी माणिकरावांना फोन करून येळवशीचं आवतण दिलं. बोलता बोलता ट्रॉलीचाही विषय निघाला (मीच काढला).

"आमची बी ट्रॉली कुजायली," ते म्हणाले. "येतो, तुमची बगतो, मग तसंच करून घेतो."

येळवशीच्या सकाळी मी ट्रॉलीत सतरंजी अंथरत होतो. बरोबर मधोमध पेंटला एक फुगा आलेला दिसला. मी अंगठ्यानं दाबला. अंगठा आत गेला. पूर्ण गेला! काढला तर काळा, आणि वास असा की विचारू नका. आजूबाजूला दाबून बघितलं. दोन लोखंडी पट्ट्यांच्या मधली परातीएवढी जागा चहात बुडवलेल्या टोस्टासारखी झाली होती. वरून पेंट तसाच हिरवागार. कडांतून शिरलेलं पाणी पेंट आणि मेणकापडाच्या मध्ये अडकून आरामात फळी खात बसलं होतं, आणि दर रविवारी मी पाइप लावून त्याला कुमक पाठवत होतो.

मी बालाजीला हाक मारायला तोंड उघडलं आणि दारात मोटारीचा हॉर्न वाजला. मी सतरंजी ओढून घेतली.

माणिकराव मोटारीतून उतरले तेव्हा मोटार वीतभर वर आली. मी हात जोडून उभा होतो आणि मनातल्या मनात त्यांना परातीएवढ्या जागेवर बसवून बघत होतो. मागून त्यांच्या मंडळी कौसल्याबाई उतरल्या. त्या बारीक होत्या, एवढाच काय तो दिलासा.

"पायी जाऊ या का?" मी म्हणालो. "सकाळची हवा लई चांगली हाय."

"गुडघा धरलाय माझा. म्हनून तर म्हनलं, ट्रॉली हाय तर येतो."

मोटार शेतापर्यंत जाण्यासारखी वाट नाही. गावातले बाकीचे ट्रॅक्टर केव्हाच शेतात गेलेले. खरं सांगून टाकावं, तर त्यांनी तेवढ्यात ट्रॉलीच्या बाजूच्या पत्र्यावर बोटं वाजवली होती आणि "मजबूत हाय, सायेब, मानलं तुमाला!" असं म्हणून कौसल्याबाईंकडं बघितलं होतं. जन्मात मला कुणी मानलं नव्हतं. मी गप्प बसलो.

"पाय आपटून बगू का?" वर चढत त्यांनी पाय उचलला.

"नको!" मी ओरडलो. "म्हणजे... नैवेद्य हाय ना आत. देवाचं."

"बराबर हाय," ते म्हणाले आणि पाय अलगद खाली ठेवला.

तोवर माझ्या बायकोनं, सुमननं, गादी आणि लोड मांडून ठेवले होते. कुठं? मधोमध! मी गादी ओढून पुढच्या कोपऱ्यात, पट्टीवर नेली. तिनं परत मध्ये आणली. मी परत ओढली.

"अवो, काय करायलाव? पाव्हण्याला कोपऱ्यात बसवतेत व्हय?"

"मधी धक्के लागतेत," मी म्हणालो आणि माणिकरावांना हाताला धरून कोपऱ्यातल्या गादीवर बसवलं. मी स्वतः कुजक्या जागेच्या अलीकडच्या पट्टीवर एक पाय आणि पलीकडच्या पट्टीवर दुसरा पाय ठेवून, तंगड्या फाकून पहारा देत उभा राहिलो. ट्रॅक्टर सुरू झाला.

"बसा की, सायेब," माणिकराव म्हणाले.

"न्हाई, मला उभं राहायची सवय हाय."

"हापिसात खुर्ची देत न्हाईत व्हय?"

येळवशीसाठी नांदेडहून आलेली शिल्पा माझ्याकडं बघत होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो. लहानपणी गॅदरिंगमध्ये मी पहिल्या रांगेत बसून तिला खाणाखुणा करायचो, तेव्हा ती अशीच बघायची.

शेतावर पोचलो. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली, पानं मांडली. इथं खरी परीक्षा सुरू झाली, कारण बसल्या बसल्या एक भयंकर गोष्ट माझ्या लक्षात आली. हा माणूस आला त्याच वजनानं परत जाणार नव्हता! येळवशीला जेवून परतणारा माणूस येताना होता तेवढा कधीच राहत नाही. येताना फळीनं माझी लाज राखली. जाताना पोटात भज्जी, उंडे, खीर आणि तांब्याभर आंबील घेऊन हाच माणूस त्याच ट्रॉलीत चढणार होता.

सुमननं भज्जीचा डाव भरून उचलला. माझा हात आपोआप पुढं गेला आणि तिचं मनगट धरलं.

"पुरे, पुरे!"

सुमननं माझ्याकडं असं बघितलं की मी हात सोडला. भज्जी पडली. माणिकरावांनी ती संपवली, मान डोलावली आणि आंबिलीचा पेला पुढं केला.

"आंबील थंड असती," मी म्हणालो. "गुडघ्याला बरी न्हाई."

आमच्या भागात येळवशीला आंबील नाकारल्याचं कुणी ऐकलं नसेल. कौसल्याबाईंनी पदर सावरला. पेला रिकामाच खाली गेला. मग बालाजीनं घाईघाईनं तो भरला, पण माणिकरावांनी त्याला हात लावला नाही. त्यांनी पानाला लागलेली भज्जी उंड्यानं हळूहळू पुसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "भज्जी बरी झाली बगा."

आता माणसानं काय करावं? पातेलं उचलावं आणि पानात उपडं करावं. मला ते कळत होतं, देवाशपथ कळत होतं! पण डोळ्यांपुढं ती हिरवी फळी होती, आणि तोंडातून कसनुसा आवाज निघाला.

"वाढू का?"

बालाजीच्या हातातून पळी पडली. शिल्पा उठून कोपीमागं गेली. माणिकरावांनी पानावर आडवा हात धरला.

"न्हाई. झालं." आणि मग, "चला, निघू. उद्या कळवतो."

"उद्या कळवतो" याचा अर्थ आमच्याकडं लहान लेकरालाही कळतो. मी कोपीमागं गेलो, तर पोरगी हरभऱ्याचे शेंडे खुडत उभी होती, खात नव्हती, नुसती खुडून टाकत होती. "शिल्पा," मी म्हणालो, तर ती म्हणाली, "पप्पा, एकच गोष्ट सांगितली होती." एवढंच. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

सुमननं मला बांधाला गाठलं. "लेकीच्या सोयरिकीपेक्षा भज्जी जड झाली व्हय तुमाला?"

"सुमन, फळी कुजलीय गं. मधून. हा माणूस पडंल."

"फळी न्हाई, डोकं कुजलंय तुमचं! वरीसभर तुमीच सांगायलाव ना, लोखंड कुजंल पर फळी कुजणार न्हाई?"

मी ट्रॉलीत चढलो आणि तंगड्या फाकून उभा राहिलो.

परतीला कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पुढं बालाजीनं गाणी मोठ्यानं लावली होती, बहुधा त्यालाही ती शांतता सोसत नसावी. निम्मी वाट सरली असेल-नसेल, तोच ट्रॉली एका बाजूला कलली आणि सावरण्यासाठी मी दोन पावलं मागं सरकलो. तेवढ्यात माणिकराव गादीवरून उठले.

"हितं ऊन लागायलंय," ते म्हणाले. खरं म्हणजे त्यांना माझ्यासमोर बसायचं नव्हतं. बाजूचा पत्रा धरून ते मागच्या बाजूला निघाले. सरळ. मधून!

"थांबा!"

ते थांबले नाहीत. त्यांचा पाय उचललेला, खाली सतरंजी आणि सतरंजीखाली ती परातीएवढी जागा. मी विचार केला नाही. मी उडी मारली, त्यांना दोन्ही हातांनी मागं ढकललं आणि स्वतः बरोबर मधोमध उतरलो.

कडाड वगैरे काही आवाज झाला नाही. मऊ, ओला, दमल्या माणसानं सुस्कारा सोडावा तसा आवाज झाला आणि मी सतरंजीसकट छातीपर्यंत खाली गेलो. मेणकापड टरकन फाटलं आणि त्यात पावसाळ्यापासून साठलेलं पाणी धो धो करत रस्त्यावर पडलं. पाठोपाठ माझे पाय रस्त्याला लागले. ट्रॅक्टर चालूच होता! तेव्हा मला धावावं लागलं. वरून मी पाहुण्यांसमोर हात टेकून उभा आणि खालून पळत सुटलेला!

"बालाजी! थांब! अरे थांब!"

गाणं जोरात होतं. आमच्या मागून शेतावरून परतणारी काही मंडळी चालत येत होती. त्यांना ट्रॉलीखाली दोन पाय धावताना दिसले आणि आधी पडलेलं पाणीही दिसलं. त्यातला एकजण ओरडला, "अरं, सायबाला लागलीय वाटतं, गाडी थांबव की!" (ती कहाणी गावात अजून तशीच सांगितली जाते. मी खुलासे करायचं सोडून दिलंय.)

माझा एक बूट गेला. पाय अडखळायला लागले. खाली पडलो असतो तर काय झालं असतं ते मी आजही मनात आणत नाही. तेवढ्यात दोन दांडगे हात माझ्या काखेत आले आणि मी रस्त्यावरून अधांतरी उचलला गेलो. माणिकराव! गुडघे टेकून त्यांनी मला धरून ठेवलं होतं आणि असे ओरडले की गाणं, ट्रॅक्टर आणि बांधावरचे बगळे, सगळं एकदम थांबलं.

"बालाजीराव! तुमचा भाऊ पायी चाललाय!"

ट्रॉली थांबली, पण मला वर निघता येईना. तुटलेल्या कडा खालच्या बाजूला वाकून बरगड्यांना रुतत होत्या. शिल्पानं माझा हात घट्ट धरला होता आणि ती रडत होती. माणिकरावांनी कडेचा एक तुकडा मोडला, हातात चुरला, वास घेतला.

"कुजलंय की हे."

"हाव."

"तुमाला कधी कळलं?"

"सकाळी."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"तुम्ही म्हनलं, मानलं तुमाला."

मग त्यांच्या कपाळावर एकेक आठी चढायला लागली आणि मला कळलं की सकाळपासूनचं सगळं ते आता जुळवून बघत आहेत. गादी. उभं राहणं. सुमनचं मनगट.

"म्हंजे मी जड होऊ नये म्हनून मला उपाशी ठेवलं?"

"हाव."

"आन् आंबील बी?"

"आंबील बी."

"आन् मी पडायलो तवा सोता उडी मारली?"

"दुसरं काही सुचलं न्हाई."

बालाजी खाली उभा राहून माझ्या पायांकडं बघत होता. आधी कौसल्याबाईंचे खांदे हलले. त्यांनी तोंडाला पदर लावला. पण माणिकराव हसले नाहीत. ते गादीवर जाऊन मांडी घालून बसले आणि सुमनला म्हणाले, "ताई, भज्जी उरलीय का?"

"लई उरलीय की!"

"मग वाढा. आता फळीची फिकीर न्हाई."

बालाजी करवत आणायला गावात पळाला आणि तिथंच, भर वाटेवर, दुसरी पंगत बसली. मधोमध मी! हिरवी फळी माझ्या छातीशी टेबलासारखी आली होती, तेव्हा सुमननं माझंही पान तिथंच मांडलं. तिनं मला काही विचारलं नाही. वाढत गेली. माणिकरावांनी लागोपाठ आंबील घेतली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "खाऊ घालनारे लई पायले, सायेब. पाव्हण्यासाठी भोकात उडी मारनारा पयलाच." मग नैवेद्याचा गूळ घेतला आणि माझ्या तोंडात घातला. सोयरीक ठरली ती अशी. शिल्पानं माझा धरलेला हात सोडला आणि आता डोळे पुसायची पाळी माझी होती. ठरल्याचा फोटो आहे आमच्याकडं. त्यात सगळे मांडी घालून बसलेत आणि मुलीचा बाप बसलाय का उभा आहे, ते कुणालाच सांगता येत नाही.

माणिकरावांनी पुढं त्यांच्या ट्रॉलीला प्लायवूडच टाकलं. आधी कापलेल्या कडांना भरपूर रंग पाजला, खालची बाजू वाऱ्याला मोकळी ठेवली, पाणी जायला भोकं ठेवली आणि धुणं बंद. ती फळी अजून ठणठणीत आहे. आमच्या ट्रॉलीला बालाजीनं पत्रा मारलाय आणि मी गावी आलो की तो पाइप कुलपात ठेवतो.

लग्न थाटात झालं. पाठवणीच्या वेळी स्टेजवर मी माणिकरावांपुढं हात जोडले. म्हणालो, "पोरीला सांभाळा. मला लई काळजी..."

"थांबा!" त्यांनी माझे हात धरले. "सांभाळतो. लेकीसारखी सांभाळतो. पर तुमी तिची काळजी करू नका, पाया पडतो. तुमी काळजी घेतली की काय होतंय, ते मी गादीवर बसून बगितलंय!"

रडायच्या बेतात असलेला सगळा मांडव हसला. शिल्पाही रडता रडता हसली, आणि मला तेवढंच हवं होतं. फोटोवाला पुन्हा पुन्हा सांगत होता, "काका, मधी या. तुम्ही मुलीचे वडील, जरा मधी सरका."

मी काही सरकलो नाही. स्टेज प्लायवूडचं होतं.